अंगठा डोंगराचा

एक होता राजा, आणि त्याच्या राज्यात नव्हती एकही टेकडी. सगळा मुलूख पोळपाटासारखा सपाट. रस्ते सरळ, शेतं सरळ, पाऊस म्हणाल तर वर्षातनं चार शिंतोडे. गच्चीवर उभं राहिलं की चार गावांपलीकडची म्हैस दिसायची, बरं का! बापू, हसतोस काय? पाय आत घे आधी. पांघरूण तुझ्या एकट्याचं नाही.

तर या राजाला एक लेक होती, केतकी. भारी चौकस पोर. मुंग्या कुठं जातात, ढग कुठं राहतात, भाकरी का फुगते, दिवसभर तिचं आपलं हेच. आणि राजाची आई होती, म्हणजे केतकीची आजी. ती नऊ वर्षांची असताना लग्न होऊन या सपाट मुलखात आली होती. माहेर लांब डोंगरात. तिकडं पाऊस आला की चार महिने हलत नाही. आता आजी फार म्हातारी झाली होती. सकाळी काय खाल्लं ते दुपारी विसरायची. राजालाच कधी कधी विचारायची, "तू कुणाचा रे?" पण एक गोष्ट काही ती विसरली नव्हती.

ती म्हणायची, "आमच्या कड्यावरनं पाणी खाली पडत नाही. वर चढतं."

झालं! दरबारी तोंड फिरवून हसायचे. सगळ्यात जास्त हसायचा मोजणीप्रधान. आता हा मोजणीप्रधान म्हणजे काय सांगू तुम्हाला! कमरेला दोरी, कानावर बोरू. जेवताना भाताची शितंसुद्धा मोजायचा मेला. तो म्हणायचा, "थोरल्या राणीसाहेबांना आता पाचापर्यंत मोजता येत नाही. त्यांचं काय ऐकायचं?"

आणि ते खरंच होतं. आजी दिवस मोजायला लागली की बोटं धरायची. एक, दोन, तीन, चार. मग अंगठा तळव्यात दाबायची आणि तिथंच थांबायची. केतकी विचारायची, "आजी, पाचवा दिवस कुठं गेला?"

"तो आपला नसतो गं."

"मग कुणाचा असतो?"

आजी अंगठ्याकडे बघत राहायची. ते काही तिला आठवायचं नाही.

एकदा आजी म्हणाली, "केतके, मला एकदा ते पाणी दाखव. मी खरंच पाहिलं होतं की उगीच बोलते, ते तरी कळू दे." आजीचाच आजीवर भरवसा उरला नाही, म्हणजे काय! ती तडक राजाकडे गेली आणि हट्टाला पेटली. राजा म्हणाला, "बरं. जाऊ या सगळे."

मग मोजणीप्रधानानं बेत आखला. तो म्हणाला, "पावसात कोण जातो चिखल तुडवायला? उन्हाळ्यात जाऊ. रस्ते कोरडे, कपडे कोरडे." गेले सगळे उन्हाळ्यात. डोंगर तापलेले, गवत करपलेलं. आजीनं कडा बरोबर ओळखला. पण कड्यावर काय? एक काळा डाग आणि एक माकड. पाण्याचा थेंब नाही! प्रधानानं कडा दोरीनं मोजला, कागदावर लिहिलं, 'पाणी, वर चढणारे, नाही.' सगळे हसत घरी आले.

मग दुसऱ्या वर्षी केतकी म्हणाली, "अहो, पाणी बघायचं तर पावसातच जायला हवं!" प्रधानानं नाक मुरडलं, पण बेत आखला. आणि तो कसा? चाळीस भोई, मेणकापडाचे पडदे लावलेली पालखी, खुर्च्या, गाद्या, पिकदाण्यासुद्धा! घाटाच्या पहिल्याच वळणावर पालखी अडकली. ना पुढं, ना मागं. गाद्या भिजून हत्तीएवढ्या जड झाल्या. भोयांच्या पायांना जळवा लागल्या, ते थयथया नाचायला लागले. पडद्याआड केतकीला काही म्हणजे काही दिसेना. पाऊस नुसता ऐकू यायचा.

चवथ्या दिवशी कसेबसे कड्यावर पोचले, तर पुढं पांढरं धुकं. हात पुढं केला तर हात दिसेना. पाचव्या दिवशी सकाळी प्रधानानं कागद काढला. "चार दिवस चढण, पाचवा परतीचा. चला!" आजीनं हाताची चार बोटं वर केली, अंगठा आत दाबला आणि म्हणाली, "थांबा रे. आज नाही जायचं." प्रधान म्हणाला, "बघा, परत पाच विसरल्या!" आणि पालखी वळली.

अर्धा घाट उतरले असतील नसतील, तर मागं वरती वारा सुटला. घूंऽऽ घूंऽऽ! केतकीनं पडदा फाडून मान बाहेर काढली. पण कडा केव्हाच वळणाआड गेला होता.

मग आजी पाण्याचं नाव काढेना. ताटातला भात अर्धा टाकायला लागली. केतकीनं गळ्यात हात टाकले तर म्हणायची, "जाऊ दे बाळा, स्वप्न पडलं असेल मला." केतकी कोठीत जाऊन हमसून हमसून रडली. राजाला म्हणाली, "बाबा, अजून एकदाच!" राजा म्हणाला, "एकदाच. आजीचं वय बघ. पुन्हा नेता येणार नाही. आणि या वेळी बेत तूच आख."

आता आली का पंचाईत? केतकीला बेत कुठं येत होता? पण चौकस माणसाला विचारायची लाज नसते. राजवाड्यात चिमाबाई नावाची डोंगरातली बाई मध विकायला यायची. केतकीनं तिला धरून बसवली आणि सुरू झाली. काय घेऊ? काय नको? कुठं थांबू? काय खाऊ?

चिमाबाई हसली. "पालखी नको बाय. म्हातारीला पाठुंगळी घेऊ, चार जणी आळीपाळीनं. पाठीवर बांबू-पानांचं इरलं. जळवांना मिठाची पुरचुंडी. नाचणीची भाकरी, लसणीची चटणी आणि सुक्या लाकडाची मोळी, बास. भिजायचं खुशाल, फक्त मोळी भिजू द्यायची नाही."

"आणि दिवस किती?"

चिमाबाईनं हात पुढं केला. एक, दोन, तीन, चार. आणि अंगठा तळव्यात दाबला!

केतकी ताडकन उठली. "मावशी! हा पाचवा कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? डोंगराचा!" चिमाबाई म्हणाली. "चार दिवस आपण ठरवायचे. पाचवा त्याला द्यायचा, त्या दिवशी काहीच ठरवायचं नाही. कधी काय दाखवायचं ते त्याचं तो बघतो. तेवढाही दिवस दिला नाही, तर तो दाखवील कशाला? आमच्याकडं पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं हे."

केतकी धावत आजीकडे गेली. "आजी, तुला मोजता येतंय गं! आम्हालाच येत नव्हतं!"

मग पुढच्या पावसात चिमाबाईला घेऊन निघाले सगळे. आणि काय मजा केली म्हणता! एका ओढ्यात पाय सोडून बसले. खेकडे पकडले, सोडले. एका झोपडीत चुलीपाशी कपडे वाळवले, दुसऱ्या ओढ्यात पुन्हा भिजवले. केतकीला ढगात शिरून बाहेर यायचा नादच लागला. पाठुंगळीवर बसून आजी एकेका झाडाचं नाव सांगायला लागली. सकाळचं खाणं विसरणारी आजी, बरं का! प्रधानाची दोरी भिजून आखडली, म्हणून त्याचं मोजणं आपोआप थांबलं.

चवथ्या दिवशी कड्यावर पोचले, तर पुन्हा तेच. धुकं! पाचवा दिवस उजाडला. प्रधान चुळबुळ करायला लागला. "निघू या का?" केतकीला वाटलं, आजही दिसलं नाही तर? पण तिनं अंगठा दाबला आणि म्हणाली, "आज आपला दिवस नाही." मग त्यांनी मोळी पेटवली, भाकरी शेकली आणि काहीच केलं नाही. नुसते बसले.

दुपारी दरीतनं वारा उठला. घूंऽऽ! धुकं फाटलं. ओढा कड्याच्या टोकापर्यंत धावत आला, खाली उडी मारायला गेला, आणि खालच्या वाऱ्यानं त्याला असा उचलला, असा उचलला, की सगळं पाणी उलटं आभाळाकडं चढायला लागलं! राजाचा आ वासला. प्रधान कड्याशी वाकून बघत होता, तो खालून वर नखशिखांत भिजला. त्यानं पहिल्या वर्षीचा तो कागद काढला, तोही भिजलेला, आणि आपल्या हातानं 'नाही' खोडलं.

आजी मात्र पाण्याकडं बघतच नव्हती. ती केतकीकडं बघत होती.

"दिसतंय का गं तुला?"

"दिसतंय, आजी. वर चाललंय."

"सगळ्यांना दिसतंय?"

"सगळ्यांना, आजी."

"मग झालं," आजी म्हणाली. आणि तिनं शेकोटीवरची अख्खी भाकरी मागून घेतली, चटणीसकट.

पुढं आजी पुष्कळ वर्षं जगली. राजाचं नाव विसरायची, पण तिच्या बोलण्याला पुन्हा कुणी हसलं नाही. आणि सपाट मुलखातली माणसंसुद्धा बेत आखताना चार बोटं मोजायला लागली, आणि आनंदानं राहिली.

चला, झाली गोष्ट. बापू, ठमे, हात पांघरुणात घ्या. चार बोटं दिवसभर हुंदडलात, ती तुमची. अंगठा झोपेचा. दाबा आत. आणि आता एक शब्द नको.