वखारीचे दुसरे दार

एकदा एका बाजारगावी विश्वंभर नावाचा एक तरुण व्यापारी राहत असे. सुगीत ज्वारी घ्यावी आणि वर्षभर ती विकावी, हा त्याचा व्यवसाय. त्याने गावाबाहेर दगडी वखार बांधली. भिंती हातभर जाड, दार एकच, तेही लोखंडी पट्ट्यांचे. चोराची छाती होणार नाही अशी ती वास्तू पाहून त्याला मोठे समाधान वाटे.

एके वर्षी पेरणी तोंडावर आली असताना शेजारच्या खेड्यातली अनसूयाबाई त्याच्या दारात येऊन उभी राहिली. तिने नुकतीच त्याच्याकडून बियाण्याची ज्वारी नेली होती. हातातल्या ओल्या फडक्याची गाठ तिने सोडली. दाणे भिजून फुगले होते, पण एकालाही कोंब नव्हता.

"शेठ, पेरायच्या आधी बघितलं म्हणून बरं. आमच्या अख्ख्या गावानं तुमचंच बी नेलंय."

पेरणी फुकट गेली तर गाव खाणार काय? विश्वंभराने पेरणी थांबवण्याचा निरोप धाडला आणि तो धावला आपल्या वृद्ध गुरुजींकडे. देवस्थानाच्या अन्नछत्राचे कोठार गुरुजींनी अनेक वर्षे सांभाळले होते.

गुरुजी आले. त्यांनी थप्प्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "गवंड्याला बोलाव. मागची भिंत फोडायची आहे."

"गुरुजी, दोष धान्यात आहे. भिंतीने काय केले?"

"फोडल्यावर सांगतो."

त्याला ते मुळीच पटले नाही. पण गुरूंचा शब्द मोडवेना. पहारीचे घाव बसू लागले. दगड निखळले, ऊन आत आले आणि भिंतीलगतच्या थप्पीवर पडले. विश्वंभराने हात लावताच पोते फाटले. आतून भुसा आणि किडे सांडले. पोत्यावर कुंकवाचे पुसट बोट होते. वखार बांधली त्या वर्षी पहिल्या पोत्याची पूजा त्यानेच केली होती.

"हे अजून इथेच?" तो पुटपुटला.

"जाणार कुठून?" गुरुजी म्हणाले. "नवे पोते तू दारापाशी लावतोस आणि दाराजवळचेच विकतोस. जुने मागे सरते. यंदा पुढचे संपले, तेव्हा मागच्याची पाळी आली. आपण सहज म्हणतो, माल वखारीत पडला आहे. अरे, पडायला ती काय विहीर आहे? वखार ही मालाची धर्मशाळा. तिथे मुक्काम करायचा, घर करायचे नाही. जो आधी आला, त्याने आधी निघावे. म्हणून तिला येण्याचे एक दार लागते आणि जाण्याचे दुसरे."

उजव्या कोपऱ्यात, इतर थप्प्यांच्या आड, गेल्या सुगीची एक थप्पी विकायची राहून गेली होती. तिच्यातले मूठभर दाणे विश्वंभराने ओल्या फडक्यात बांधले. कोंब फुटलेले पाहिल्यावरच ती पोती गाडीत भरून तो स्वतः अनसूयाबाईच्या गावी गेला आणि घरोघरी बियाणे बदलून दिले. किडलेली ज्वारी त्याने उकिरड्यात पुरली.

तो परतला तेव्हा गवंडी भिंतीतल्या खिंडाराशी वाट पाहत बसला होता. "शेठ, बुजवू ना हे?"

"नको," विश्वंभर म्हणाला. "गाडी लागेल एवढे रुंद कर."

धान्य असो वा विद्या, आपण ती कुणासाठी राखतो आहोत आणि ती त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचते का, एवढे मधूनमधून पाहावे.