वितळलेल्या लोखंडाच्या काठावर

पृथ्वीच्या पोटात काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हाची गोष्ट. एका भूकंपातून दोन बहिणी, दोन लाटा, जन्मल्या आणि खडकांतून खोल निघाल्या. थोरली खडक पुढे ढकलत धावे, धाकटी अंग आडवं हलवत मागून येई. अचानक समोर वितळलेल्या लोखंडाचा समुद्र आला.

"ताई, इथं धरायला घट्ट काहीच नाही गं! मी विरून जाईन."

"तुझं आपलं नेहमीचंच! चल मुकाट्यानं," म्हणत थोरली आत शिरली.

धाकटीनं घाबरत पाऊल टाकलं. तिची हाक अर्धीच ऐकू आली.

पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला थोरली वर आली, तेव्हा भूकंपमापक यंत्रानं विचारलं, "एकटीच आलीस?"

थोरलीनं मागे वळून पाहिलं.

"धाकटीला पातळातून येता येत नाही; म्हणजे आत पातळ आहे तर!" यंत्र म्हणालं. " आम्हाला आज कळलं."

थोरली पुटपुटली, "तिला काठावरच कळलं होतं."