मागे घेतलेली फिर्याद

एका उंच डोंगराच्या कुशीत दाट रान होते. त्या रानात एक सायाळ आपल्या दोन पिल्लांसह बिळात राहत असे. अंगभर काटे असले तरी ती मनाने अगदी भाबडी होती. कंदमुळे उकरून खावीत, पिल्लांना सांभाळावे आणि कुणाच्या वाटेला जाऊ नये, असा तिचा शिरस्ता होता.

एके दिवशी तिन्हीसांजेच्या वेळी ती झऱ्यावर पाणी पीत होती. मागे काहीतरी सळसळले. सायाळीने घाबरून काटे फुलवले, तोच कुणीतरी धाडकन तिच्या पाठीवर येऊन आदळले. वळून पाहते तो एक चौशिंगा! डोक्यावर चार छोटी शिंगे असणारे हे हरीण मोठे लाजरे असते. त्याच्या मांडीत तीन काटे रुतले होते. "सायाळीने मारलं! सायाळीने मारलं!" असे ओरडत तो लंगडत झाडीत पळून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गव्यापुढे फिर्याद मांडली.

मुलांनो, त्या रानात न्याय करण्याचा मान गव्याचा होता. त्याला नुसते पाहिले तरी छाती दडपून जाई. खांदा एवढा उंच, की त्याच्या सावलीत पाच हरणे सहज बसावीत. तो उघड्या कातळावर उभा राही आणि कुणी फिर्याद मांडली की पुढचा खूर एकदाच कातळावर आपटी. तो आवाज डोंगरात घुमत जाई. मग झाडावरची पाखरेसुद्धा गप्प होत. दोषी ठरणाऱ्याला डोंगरापलीकडे हाकलून देत आणि तो पुन्हा कधी परत येत नसे.

सायाळीच्या पिल्लांचे काटे अजून मऊ होते. डोंगरापलीकडे ती दोन दिवसही जगली नसती. म्हणून सायाळ धावतच घोरपडीकडे गेली. आरोप आलेल्या प्राण्यांची बाजू गव्यापुढे मांडण्याचे काम ही म्हातारी घोरपड करीत असे. तिची चाल संथ होती, पण एकदा धरलेली गोष्ट ती सोडत नसे. तिने सायाळीचे सारे म्हणणे ऐकून घेतले आणि मग एक अख्खी दुपार झऱ्याकाठी घालवली.

आठ दिवस गेले. चौशिंग्याची जखम भरून आली. सायाळीला राहवेना. ती थेट त्याच्या जाळीपाशी गेली आणि म्हणाली, "दादा, माझी पिल्लं लहान आहेत. तेवढी फिर्याद मागे घ्या ना!"

चौशिंगा विरघळला. "ताई, मला कुणाचं घर मोडायचं नाही. उद्याच मागे घेतो."

सायाळीला आनंदाचे भरते आले. ती घोरपडीला सांगायला गेली, "मावशी, सुटले मी! आता तुम्ही यायची गरज नाही."

घोरपडीने जीभ आत ओढून घेतली. "अगं, खूर आपटेपर्यंत ती फिर्याद चौशिंग्याची होती. आता ती रानाची झाली. आणि तू त्याच्याकडे गेलीस? हे काही बरं केलं नाहीस."

"पण मी काही केलंच नाही, तर माझ्या बाजूने बोलायला कुणी कशाला हवं? तुम्हाला बरोबर नेलं तर सगळे म्हणतील, हिच्या मनात खोट आहे."

"तुझी मर्जी," घोरपड म्हणाली. "मी कातळाच्या कडेला ऊन खात बसेन. पण तू हाक मारल्याशिवाय मला तिथे तोंड उघडता येत नाही, एवढं ध्यानात ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी सारे रान कातळाभोवती जमले. गवा धुक्यातून चालत आला, तेव्हा एखादी टेकडीच जागेवरून उठून आल्यासारखे वाटले. वानरे फांद्यांवर स्तब्ध झाली. सायाळ मात्र हसतमुखाने पुढे उभी होती.

चौशिंगा मान खाली घालून म्हणाला, "महाराज, मला फिर्याद पुढे न्यायची नाही. ती मागे घेतो."

सायाळ लगेच घरी जायला वळली.

"थांब," गवा म्हणाला. त्याचा आवाज मोठा नव्हता, तरी पायाखालचा कातळ थरथरल्यासारखा वाटला. "फार वर्षांपूर्वी या रानात एक लांडगा होता. तो दुबळ्यांना ओरबाडायचा आणि मग त्यांच्या दारात जाऊन बसायचा. फिर्यादी घाबरून फिर्याद मागे घेत आणि लांडगा मोकळा सुटे. तेव्हापासून इथे नियम आहे. फिर्याद मांडणं प्रत्येकाच्या हातात आहे, ती मिटवणं कुणाच्याच हातात नाही. खरं काय घडलं ते कळेपर्यंत रान थांबतं."

मग रानाच्या वतीने प्रश्न विचारणारा कोल्हा पुढे आला. तो दुष्ट नव्हता. आपले काम तो चोख करी, इतकेच. त्याने विचारले, "सायाळबाई, चौशिंग्याचं मन एकाएकी कसं बदललं?"

"मीच गेले होते ना त्याच्याकडे!" सायाळ भाबडेपणाने म्हणाली.

"तुम्ही? ज्याने तुमच्यावर फिर्याद केली, त्याच्याकडे?"

"हो. म्हटलं, फिर्याद मागे घ्या."

जमलेल्या प्राण्यांत कुजबुज उठली. सायाळीला आपली चूक कळली आणि ती भीतीने कापू लागली. ती कापू लागताच तिचे काटे एकमेकांवर आपटून खुळखुळू लागले. तो आवाज कानी पडताच चौशिंगा दचकून चार पावले मागे सरला.

कोल्हा गव्याकडे वळला. "महाराज, पाहिलंत? तिचे काटे वाजले आणि हा मागे सरला. फिर्याद मागे का घेतली, ते आता वेगळं सांगायला नको."

गव्याचे मोठे काळे डोळे सायाळीवर स्थिरावले. बिळात तिची वाट पाहत बसलेली दोन पिल्ले तिच्या डोळ्यांसमोर आली. तिने सारे बळ एकवटून हाक मारली, "मावशी! घोरपडमावशी! माझ्या बाजूने तुम्हीच बोला!"

घोरपड सावकाश सरपटत कातळाच्या मधोमध आली. गव्याच्या खुराएवढीही तिची उंची नव्हती. पहिले वाक्य ती सायाळीलाच म्हणाली, "आता तू एक शब्दही बोलू नकोस." मग तिने मान वर केली. गव्याच्या श्वासाने तिच्या अंगावरची धूळ उडत होती, पण तिची नजर हलली नाही.

"महाराज, चौशिंगा आज काय म्हणतो त्यावर विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. तो त्या दिवशी काय म्हणाला त्यावरही ठेवू नका. घाबरलेला जीव दोन्ही वेळा चुकू शकतो. झऱ्याचं पाणी ओसरत चाललंय, म्हणून काठचा चिखल वाळून कडक झालाय. मी तो पळसाच्या पानांनी झाकून ठेवलाय. चिखल कुणाला घाबरत नाही आणि कुणी विनवण्या केल्या म्हणून तो बदलत नाही. तो स्वतः पाहा."

गवा वळला आणि झऱ्याकडे चालू लागला. आजवर कुठल्याही न्यायाच्या वेळी तो कातळ सोडून खाली उतरला नव्हता. सारे रान त्याच्यामागे निघाले.

घोरपडीने पाने बाजूला केली. सायाळीची चारही पावले एकाच जागी खोल रुतलेली होती. चौशिंग्याच्या खुरांचे ठसे मात्र मागे मागे घसरत सायाळीपर्यंत आलेले होते. आणि त्या खुरांच्या ठशांसमोर, काठावरच्या बांबूच्या बेटाखाली, बिबट्याचे दोन रुंद पंजे उमटले होते.

"सायाळ हल्ला करते तेव्हा पाठमोरी मागे धावून काटे खुपसते," घोरपड म्हणाली. "मग तिची पावलं जागची हलली का नाहीत? चौशिंग्या, आठवून सांग. मांडीत काटे शिरण्याआधी तू काय ऐकलंस?"

चौशिंगा त्या पंज्यांकडे टक लावून पाहत होता. "गुरगुर..." तो हळूच म्हणाला. "बांबूतून गुरगुर आली होती! मी मागे सरलो. मग एकदम आग झाली, वळलो तर सायाळ दिसली. महाराज, मी खोटं बोललो नाही. जे दिसलं तेवढंच सांगितलं."

कोल्ह्याने खाली वाकून सगळे ठसे हुंगले आणि तो म्हणाला, "महाराज, रानाला आता काही विचारायचं नाही."

मग सर्वांच्या देखत तो डोंगराएवढा गवा गुडघ्यांवर बसला. बोटभर ठसे नीट दिसावेत म्हणून त्याने आपले अवाढव्य डोके चिखलाला टेकवले आणि एकेक ठसा पाहिला. उठल्यावर तो एवढेच म्हणाला, "सायाळ निर्दोष आहे. चौशिंग्याचाही दोष नाही."

सगळे पांगल्यावर सायाळीने विचारले, "मावशी, तो चिखल पुसून गेला असता तर?"

"तर मी दुसरं काही शोधलं असतं," घोरपड म्हणाली आणि उन्हाच्या तुकड्याकडे सरकली.

तात्पर्य : फिर्याद मागे घेतली म्हणून न्यायाचे काम थांबत नाही, म्हणून निर्दोष असलो तरी आपली बाजू मांडणारा जाणकार सोबत असावा.