हौसाबाईचा अंगठा

एका गावात चंद्री नावाची एक म्हैस होती, आणि तिच्या मते त्या गावात माणूस एकच होते: हौसाबाई. चंद्रीची आई ती जन्मताच गेली, तेव्हा हौसाबाईने तिला बोळ्याने दूध पाजून वाढवले होते. हौसाबाईचा हात कासेला लागल्याशिवाय चंद्री पान्हा सोडत नसे.

एकदा गवत कापताना हौसाबाईच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी विळा खोल लागला. वैद्यबुवांनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि बजावले, "जखमेला कोणी हात लावायचा नाही." मग ते लेकीकडे परगावी निघून गेले. महिन्याभरात जखम भरली, खपलीही पडली. वैद्यबुवांचा हुकूम मात्र घरात तसाच चालू राहिला. हौसाबाई हात पदराखाली जपू लागली. त्याकडे ती स्वतःही बघत नसे. पाहता पाहता वण भिजून वाळलेल्या चामड्याच्या वादीसारखा ताठ झाला. अंगठा नीट उघडेना आणि मूठही वळेना.

डाव्या हाताने दूध निघे ते जेमतेम वाटीभर. शेवटी तिचा नवरा म्हादबा तिचे लुगडे नेसून, डोईवर पदर घेऊन धारेला बसला. चंद्रीने मान वळवून त्याला हुंगले आणि चरवीसकट उकिरड्यावर पाठवले. गाव चार दिवस हसले. म्हादबाला हसू आले नाही.

"म्हस आटत चाललीया, हौसा," तो म्हणाला. "म्होरल्या म्हैन्यात जत्रंचा बाजार हाय. तिथं इकून टाकू."

हौसाबाई चंद्रीच्या पाठीवरून डावा हात फिरवत राहिली.

त्याच आठवड्यात पुतणीचे लग्न निघाले आणि बांगड्या भरायला मैना कासारीण घरी आली. हौसाबाईने डावा हात पुढे केला. तो भरून झाला.

"आता उजवा आण."

"नगं, मावशी. वैद्यबुवांनी हात लावू नगा म्हणून सांगितलंय."

"कवा सांगितलं?"

"दोन म्हैनं झालं."

"आन् कवापातुर लावायचा न्हाई?"

ते कोणी विचारलेच नव्हते.

मैनाने तो हात हळूच मांडीवर घेतला. सूज नव्हती, कातडी गरम लागत नव्हती, कुठे ओल नव्हती. "जखम कवाच भरली, बाई. ह्यो नुसता वण हाय, आतल्या मांसाला चिकटून बसलाय. आता हात लावल्याबिगर सुटायचा न्हाई."

तिने बोटाला खोबरेल घेतले आणि वणावर टेकवले. हौसाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. दुखले म्हणून नव्हे. दोन महिने ती आपल्याच हाताला घाबरून होती, एवढेच.

मग रोज सकाळी मैनाकडे जाणे सुरू झाले. मैना अंगठ्याच्या पेराने वण गोल गोल चोळी, कातडी थोडी आडवी सरकवी, थोडी उचली, आणि हौसाबाईने ओठ चावला की थांबे. "बास, आता उद्या," म्हणे. आठ दिवसांत अंगठा तिळभर हलला. हौसाबाईला तिळाने समाधान होईना, कारण बाजार जवळ येत होता. नवव्या दिवशी तिने गोठ्यात बसून दुसऱ्या हाताने अंगठा खसकन ओढला. तो टम्म सुजला.

मैना चांगलीच उखडली. "चाळीस वर्सं बांगड्या भरत्ये मी. जोर करणारीच्या हातात काचाच ऱ्हात्यात. तीन दिस आता हात लावायचा न्हाई." मग तिने बोटे दुमडून दाखवली. "एक, दोन, तीन. चौथ्या दिशी यायचं. ध्यानात ऱ्हाईल?"

हौसाबाईला रडता रडता हसू आले. चौथ्या दिवशी ती गेली, आणि मग एकही दिवस चुकली नाही. पुन्हा घाईही केली नाही.

बाजाराच्या दिवशी म्हादबा पहाटेच दावे सोडायला गोठ्यात आला, तर हौसाबाई आधीच चंद्रीच्या कुशीला बसलेली. तिने कासेवर पाणी मारले, उजवी मूठ वळवली आणि ओढली. एकदा काहीच आले नाही. दुसऱ्यांदाही नाही. म्हादबाचा हात दाव्यावरच राहिला. मग चंद्रीने एक लांब सुस्कारा सोडला आणि चरवीत धार वाजली. हौसाबाईने म्हशीच्या पोटावर कपाळ टेकले आणि सुटल्यासारखी मोठ्याने रडली. धार मात्र थांबवली नाही.

"बाजाराचं काय करायचं?" म्हादबाने उगीच विचारले.

"जावा की तुमी," हौसाबाई म्हणाली. "चंद्रीला येळ न्हाई."

तात्पर्य: जखम ओली असताना तिला जपावे, पण भरल्यावरही तिला भीतच राहिलो तर वण ताठतो, तो दडवून सुटत नाही आणि ओढूनही सुटत नाही, रोजच्या मायेच्या हाताने सुटतो.