चिंचोक्याचे दान

आधी माणसाच्या मानेवर तलवार धरायची, मग त्याला खरे विचारायचे, आणि तो खोटे बोलला की त्यालाच खोटारडा म्हणायचे. असे करणारे स्वतःला न्यायी समजतात. ते आजच जन्माला आले असेही नाही.

पूर्वी शैलवती नावाच्या डोंगरी नगरात जयंधर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्माला आला होता. त्या वर्षी शेजारच्या राजाचे सैन्य खिंडीपलीकडे तळ देऊन बसले होते. नगराला आधार काय तो तटबंदीचाच. रात्रभर पहारेकरी तटावर उभे राहत आणि एका बुरुजावरून दुसऱ्या बुरुजाला 'हुशार!' अशी आरोळी देत. ती आरोळी ऐकत राजा निश्चिंत झोपी जाई.

एके दिवशी सकाळी पूर्वेच्या तटावरून शत्रूचा दोर लोंबताना दिसला. कोणीतरी वर चढून, सगळे डोळ्यांखालून घालून, निवांत खाली उतरून गेले होते. आरोळी मात्र रात्रभर एकदाही चुकली नव्हती.

पहाऱ्यावर झोपणाऱ्याला त्या राज्यात एकच शिक्षा होती, शिरच्छेद. राजाने सगळ्या पहारेकऱ्यांना चौकात उभे करून विचारले, "कोण झोपले होते?" एकूणएक जण म्हणाला, "मी नाही, महाराज."

सेनापती उग्रदत्त पुढे झाला. "प्रत्येक बुरुजावरचा एकेक उचलतो आणि उद्या सकाळी उडवतो. बाकीचे आपोआप जागे राहतील."

"उडवलेला नेमका जागा राहणारा निघाला तर?" बोधिसत्त्वाने विचारले.

"तर त्याचे नशीब."

राजा म्हणाला, "अमात्य, मला माना मोजायची हौस नाही. माझा तट किती जागा आहे तेवढे कळू दे. एखाददुसरा झोपत असेल तर मी लढेन. पुष्कळ झोपत असतील तर बायकामुले आजच मागच्या वाटेने हलवायला हवीत. संध्याकाळपर्यंत सांगा. नाहीतर सेनापती म्हणतात तसे होईल."

बोधिसत्त्व बाहेर आला. चौकाच्या कडेला भिंतीला टेकून काही पहारेकरी फोडलेला चिंचोका टाकून खेळत होते. खेळत कसले, हात हलत होते आणि डोळे मिटत होते. त्यांच्यात मल्लक नावाचा एक उंच, वाळकुडा पहारेकरी होता.

"काय दान पडले रे?" बोधिसत्त्वाने विचारले.

मल्लक दचकून उठला. "पोट, अमात्य. पांढरे ते पोट, तपकिरी ती पाठ. पाठ पडली असती तर जिंकलो असतो."

"कोणती बाजू पडणार ते आधी कळते?"

"ते कळले असते तर पहारा कशाला केला असता?"

सगळे हसले. बोधिसत्त्व हसला नाही. त्याने तो चिंचोका मागून घेतला.

"आता आमच्या चिंचोक्यावर राज्य चालवणार वाटते!" मागून कोणीतरी पुटपुटले.

बोधिसत्त्व तो चिंचोका दगडावर घासत आणि टाकून पाहत बसला. पोट आणि पाठ सारख्याच वेळा पडू लागल्यावर तो उठला. त्याने चौकात एक राहुटी उभारली. आत रिकामा रांजण, शेजारी उडदाची एक वाटी आणि तांदळाची एक वाटी ठेवायला सांगितली. मग त्याने सर्वांसमक्ष राजाकडून वचन घेतले की, कोणी कोणता दाणा टाकला हे कोणीही विचारणार नाही, पाहणार नाही.

"एकेकट्याने आत जायचे," तो पहारेकऱ्यांना म्हणाला. "चिंचोका टाकायचा. पोट पडले तर झोपला असाल किंवा नसाल, रांजणात उडीद टाका. पाठ पडली तर खरे सांगा. या महिन्यात पहाऱ्यावर झोप लागली असेल तर उडीद, नसेल तर तांदूळ."

मल्लकने डोके खाजवले. "म्हणजे मी उडीद टाकला तरी तो माझा नसेलही?"

"तुझा की चिंचोक्याचा, हे तुलाच ठाऊक. मलासुद्धा कळणार नाही."

"मग माझी सगळी पापे चिंचोक्याची!" म्हणत मल्लक पहिला आत गेला.

तो मागच्या बाजूने बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगठ्याला काजळ लागलेले होते. त्याने अंगठ्याकडे पाहिले, मग सेनापतीकडे पाहिले, आणि मूठ घट्ट मिटली. सेनापती मिशीत हसत होता. वाट्या त्याच्याच माणसाने भरल्या होत्या. काळ्या उडदावर काळे काजळ कोणाला दिसणार? रांगेतल्या पुढच्या माणसाचा पाय उचलेना.

राजानेही ते पाहिले. तो हळूच म्हणाला, "चालू द्या, अमात्य. आयतेच कळते आहे."

"काय कळते आहे, महाराज? चिंचोक्याचे दान कोणाला कसे पडले, एवढेच."

"काळ्या बोटांत दोषी असतीलच ना?"

"असतील. निर्दोषही असतील. आणि आता रांगेतला एकही जण उडदाला हात लावणार नाही. रांजण तांदळाने भरेल, आपण खूष होऊ, आणि रात्री शत्रू तटावर असेल."

बोधिसत्त्व राहुटीत गेला आणि त्या उडदात दोन्ही हात मनगटापर्यंत घालून बाहेर आला. त्याने मल्लकची मूठ उघडली आणि त्याचे दोन्ही तळवे आपल्या हातांनी काळे केले. मग रांजण पालथा केला, सर्वांसमोर उडीद धुऊन घेतले आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर काजळाचे ताट ठेवले. "बाहेर येणाऱ्या प्रत्येकाने यात हात बुडवायचे. दिलेले वचन मोडले तर पहिली मान माझी."

तरीही कोणी हलले नाही. तळपत्या उन्हात सगळे राजाकडे पाहत होते.

राजाने एकदा बोधिसत्त्वाच्या काळ्या हातांकडे पाहिले आणि तो राहुटीकडे पाठ करून उभा राहिला. सेनापती तसाच उभा होता. "उग्रदत्त," राजा म्हणाला, "तुम्हीही."

मल्लक पुन्हा पहिला आत गेला. त्याच्यामागे रांग सरकू लागली.

संध्याकाळी रांजण ओतला. सगळे जागे राहणारे असते तर निम्म्यांना पाठ पडून निम्मी रास पांढरी दिसली असती. तांदूळ चिमटीत मावतील एवढेच होते.

"म्हणजे जवळजवळ सगळेच?" राजाचा आवाज चिरकला. "मग रोज रात्री आरोळी कोण देत होते?"

मल्लक मान खाली घालून म्हणाला, "ती झोपेतही देता येते, महाराज. सवय होते. दिवसभर तटाचे दगड वाहायचे आणि रात्रभर उभे राहायचे. डोळे उघडे ठेवायला तरी कोणाचे आणायचे?"

सेनापतीचा चेहरा उतरला. दगड वाहण्याचा हुकूम त्याचा होता.

"एक झोपला तर तो त्याचा दोष," बोधिसत्त्व म्हणाला. "सगळेच झोपतात तेव्हा दोष पहाऱ्याच्या रीतीचा असतो. कोणाकोणाची मान उडवाल?"

त्याच सांजेला बायकामुले मागच्या वाटेने सुखरूप हलवली गेली. दगडांचे काम थांबले. रात्रीचे दोन पहारे झाले, आणि पहिल्या पहाऱ्याला सेनापतीला उभे केले गेले. शत्रू पुन्हा दोर टाकून चढला तेव्हा त्याला वर उघडे डोळे भेटले. खिंडीपलीकडचा तळ काही दिवसांत उठला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा भिक्षूंच्या सभेत सांगितली आणि ते म्हणाले, "तेव्हाचा सेनापती म्हणजे आज सर्वांच्या चुका टिपत फिरणारा ज्येष्ठ भिक्षू थेर कटुक. राजा म्हणजे उपासक नंदिसेन. मल्लक म्हणजे नुकताच संघात आलेला सोणक. आणि तो अमात्य मीच होतो. भिक्षूंनो, खरे ऐकायची इच्छा असलेल्याने आधी भय काढून घ्यावे. यालाच अभयदान म्हणतात."

तेवढ्यात मागे खांबाला टेकून बसलेला एक वृद्ध भिक्षू डोळे चोळत म्हणाला, "भंते, मधला थोडा भाग माझा झोपेत गेला. पुन्हा सांगाल का?"