यवनबाईच्या चुण्या

जरा जपून या, पायऱ्या शेवाळल्या आहेत. ही बघा, खडकात कोरलेली बाई. आमच्या खडकवण्यात हिला यवनबाई म्हणतात. खांद्यापासून पावलांपर्यंत वस्त्राची एकेक चुणी कशी उतरली आहे, बोट फिरवून बघा हवं तर. तोंड मात्र नाही. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता गुळगुळीत दगड. ते कोणी फोडलेलं नाही. कोरलंच नाही.

असं सांगतात, की फार पूर्वी या घाटातून बैलांचे तांडे जायचे. खाली बंदरावर समुद्रापलीकडचे यवन, म्हणजे ग्रीक व्यापारी उतरायचे. त्यांतला एक बायकोला घेऊन घाट चढत असताना तापाने फणफणला आणि आमच्या ओढ्याकाठी वारला. तांडा पुढे निघून गेला, बायको मागे राहिली. थेआनो तिचं नाव. गावाच्या तोंडी त्याचं थेनाई झालं.

तेव्हाचा पाटील नागदेव. परक्याच्या मढ्याला गावातल्या कोणी हात लावायचा नाही, असं त्याने बजावलं. सामाई नावाची एक विधवा विणकरीण होती, तिने ऐकलं नाही. कुदळ घेऊन ती ओढ्यावर गेली. दोघींनी मिळून खड्डा खणला, आणि सामाईने थेनाईला आपल्या घरी आणलं.

थेनाईच्या अंगावरचं वस्त्र बघून सामाई चकित झाली, म्हणे. एकच रुंद कापड, कुठे कात्री नाही, सुई नाही. अंगाभोवती घ्यायचं, दोन्ही खांद्यांवर काशाच्या लांब टाचण्यांनी अडकवायचं, कमरेला दोरी. बाकी सगळं आपल्या भाराने खाली सुटतं. थेनाईने ते माहेरी स्वतः विणलेलं होतं. सामाईच्या मागावर ती विणायला बसू लागली, मोडकंतोडकं बोलू लागली. पण गावाने तिला जवळ केलं नाही. लहानपणी तिला देवी येऊन गेल्या होत्या, चेहरा वणांनी भरलेला. ती समोरून आली की लोक मान फिरवायचे.

तिसऱ्या वर्षी गावात देवीची साथ आली. आठवड्यात घरंच्या घरं आडवी झाली. ज्यांना चालता येत होतं ते वरच्या रानात पळाले. मेलेले घरात राहिले, आणि जे मेले नव्हते पण उठू शकत नव्हते तेही राहिले. नागदेव दोन मुलगे घेऊन गेला. मुलगी हौसा, दहा वर्षांची, अंगभर फोड आलेली. तिच्या उशाशी पाण्याचा घडा ठेवून त्याने दार ओढून घेतलं.

एकदा देवी येऊन गेल्या की पुन्हा येत नाहीत. थेनाईला काही झालं नाही. सामाई मात्र चौथ्या दिवशी गेली. तिला माती देऊन थेनाई घरोघर फिरू लागली. मिळेल ते कापड मेलेल्यांवर पांघरायची, जिवंत असतील त्यांना पाणी पाजायची. पाटलाच्या घरात तिला हौसा सापडली. डोळे सुजून मिटलेले, परकराची गाठ फोडांत रुतलेली.

"कोण आहे?" पोरीने विचारलं.

"थेनाई. हलू नको."

तिने परकर पाण्याने भिजवून हळूहळू सोडवला. मग अंगावरचं ते वस्त्र उतरवलं आणि पोरीच्या खांद्यांवर टाचलं. ते वस्त्र घट्ट बांधावं लागत नाही, कुठे रुतत नाही. फोडांना वारा लागला आणि पोरगी कित्येक दिवसांनी झोपली. थेनाईने स्वतः सामाईचं लुगडं नेसलं. बारा दिवस ती त्या घरात राहिली, असं सांगतात. हौसा वाचली, पण डोळे गेले.

तेराव्या दिवशी सकाळी लोक रानातून परतले. नागदेव सगळ्यांच्या पुढे. त्याच्या घरातून थेनाई घडा घेऊन बाहेर पडत होती. अंगावर सामाईचं लुगडं, कातडीवर नवा फोड एकही नाही.

"ते सामाईचं लुगडं आहे!" कोणीतरी ओरडलं. "मेलेल्यांच्या अंगावरचं काढून घेतलं हिनं!"

"हिनंच आणली साथ," दुसरा म्हणाला.

थेनाईने घराकडे हात केला. "पोर... आत पोर..." एवढंच ती बोलली. नागदेवाला वाटलं, पोरीलाही हिनेच खाल्लं. पहिला दगड त्याने मारला. मग सगळ्यांनी.

गलका ऐकून हौसा भिंत चाचपत दारात आली. दोन्ही खांद्यांवर टाचण्या, पायांपर्यंत लोळणारं ते वस्त्र.

"आबा, तुम्ही आलात?" ती म्हणाली. "थेनाई कुठाय? पाणी आणते म्हणाली."

पोरगी पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

पुढे नागदेवाने लेणी खोदणारे पाथरवट आणले. त्यांनी विचारलं, बाई दिसायला कशी होती? गावाने तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं, आणि दगडांनी चेहऱ्याचं काही ठेवलं नव्हतं. हौसाने तिला फक्त आवाजाने आणि हाताने ओळखलं होतं. तिने ते वस्त्र मांडीवर घेतलं, पाथरवटाचा हात धरला आणि एकेक चुणी त्याला चाचपायला लावली. तेवढं त्याने कोरलं. तोंडाशी येऊन छिन्नी खाली ठेवली.

नागदेव आमचा मूळपुरुष, असं आमच्याकडे सांगतात. आजही आमच्या घरातला पुरुष हातात दगड घेत नाही. बांध घालायचा तर मजूर लावतो. अंगावर कुत्रं आलं तर उभा राहतो. परवा माझ्या नातवाने कैरीसाठी खडा उचलला, तर त्याच्या आईने त्याची मूठ उघडली, आणि खडा स्वतःच्या हाताने खाली ठेवला.