करकोच्याच्या मानेवरचा राजा

एका राज्यात आधी तळं होतं, राजा मागून आला. तळ्यावर दर हिवाळ्यात उत्तरेकडून करकोचे उतरत. राजाचं नाव भानुसेन, राणीचं केतकावती. राजा मनाचा लोणी, जिभेचा मिरची.

एकदा दरबारात एक जादूगार बैरागी आला. त्याच्या जटांत उवा वळवळत होत्या. राजा म्हणाला, "बुवा, डोक्यावर एवढी प्रजा पोसता, मग या सिंहासनावर तुम्हीच बसा की." दरबार हसला. बैरागी हसला नाही.

"पोसणाऱ्याला हसतोस? आता तू दुसऱ्याच्या अंगावर जग. पुढचा हिवाळा सरायच्या आत कुणी आपलं रक्त आपणहून दिलं तर माणूस होशील. नाहीतर तसाच मरशील."

राजाचा झाला गोचीड. तळ्याकडच्या खिडकीतून पडला तो थेट एका करकोच्याच्या मानेवर. राणी बघते तोवर थवा उडाला, उत्तरेला गेला.

राणीनं वर्ष कसं काढलं ते तिचं तिला ठाऊक. हिवाळ्यात करकोचे परतले, चांगले तीनशे. प्रधान म्हणाला, "बाणांनी पाडू, मग एकेक तपासू."

"पाखरू मेलं तर त्याच्यावरचा जीव कशावर जगेल, प्रधानजी? माझा माणूस आहे त्यात."

ती एकटीच तळ्यावर गेली. थव्याचा म्होरक्या पुढं आला.

"राणी, कशाला आलीस?"

"नवरा शोधायला. तुमच्यातल्या कुणाच्या तरी मानेवर आहे."

"मानेवर आमची चोच पोचत नाही. आणि माणसाचा हात तिथं येतो तो पिरगाळायलाच. आधी आमची तीन कामं कर."

पहिलं काम पिसांतल्या उवांचं. राणीनं चुलीची राख चाळून काठावर पसरली, करकोचे तिच्यात लोळले. दुसरं, पंखांखालच्या चपट्या माश्यांचं. त्या खेकड्यासारख्या तिरक्या पळत. राणीनं कडुलिंबाचा धूर केला, माश्या गेल्या. तिसरं काम गोचिडांचं, ते सगळ्यांत नाजूक. ओढला तर तोंड आतच तुटतं. राणी करंजेलाचा थेंब सोडी, पकड सुटेपर्यंत थांबे, मग हलकेच उचलून विचारी, "अहो, तुम्ही का?" भिजल्या मटकीसारखे फुगलेले ते गोचीड. बोलेल कोण?

वारा फिरला. थवा उद्या निघणार. राहिला होता एकटा म्होरक्या.

"मला कुणी नाही. वर्षभरात काही टोचलंच नाही."

राणीनं तरी पिसं बाजूला केली. तिथं एक गोचीड होता, तिळाएवढा, सुकलेला. राणीनं ओळखलं. लाज वाटली की न जेवताच ताट सरकवायची खोड तिच्याच माणसाची. तो कुठं चावलेलाच नव्हता, तिनं त्याला अलगद बोटावर घेतलं.

"घ्या."

तो हलेना.

"अहो, चोरून नाही, मी वाढते आहे. माझ्याकडून घ्यायला कसली लाज?"

तेव्हा तो चावला. रक्ताचा एक थेंब आला, आणि पुढ्यात राजा उभा, काठीसारखा वाळलेला. तो आधी म्होरक्याकडे वळला.

"वर्षभर तुमच्या मानेवर राहिलो. विचारलं नव्हतं."

"विचारलं असतंस तर नाही म्हणालो असतो," म्होरक्या म्हणाला. "पण इतका उपाशी पाहुणा परत पाठवायला आम्हालाही बरं वाटत नाही. जरा जेवत जा."

राज्याची घडी पुन्हा बसली. पुढं दर हिवाळ्यात म्होरक्या तळ्यावर उतरला की पहिल्यांदा राजापुढं मान वाकवी, आणि राजा जपून, एकेक पीस बाजूला करी. राजाराणीला जसं आपलं माणूस मिळालं, तसं ज्याचं हरवलंय त्याला मिळो.